पोरांच्या पहिल्या सामन्याला आम्हाला बोलवा

प्रति,
पदाधिकारी, वेल्स फुटबॉल संघटना



मी मूळचा कोल्हापूरचा. गेली बरीच वर्षं कार्डिफमध्ये राहतो. घर कँटन भागात, म्हणजे तुमचा संघ जिथे खेळतो त्या कार्डिफ सिटी स्टेडियमपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हे पत्र मी मराठीत लिहितो आहे, कारण मनापासूनचं बोलणं मला याच भाषेत जमतं. हे तुम्हाला वेगळं समजावून सांगायला नको. जग ज्याला वेल्सचा संघ म्हणतं त्याला तुम्ही आपल्या भाषेत 'कम्री' म्हणता. सामन्याआधी हजारो लोक वेल्श भाषेतलं राष्ट्रगीत गातात. त्यातल्या कित्येकांना ती भाषा धड बोलताही येत नाही, पण गीताचा एक शब्द चुकत नाही. माझी मुलगी घरात मराठी बोलते, शाळेत वेल्श शिकली, आणि ते गीत तिनंच मला शिकवलं. तेव्हा हा संघ आमच्या घरातलाही आहे, असं समजून पुढचं वाचा.

विषय एकच आहे. मैत्रीपूर्ण सामने, त्यात पहिल्यांदा देशाचा शर्ट घालणारी पोरं, आणि त्यांच्यासमोरच्या रिकाम्या खुर्च्या.

९ सप्टेंबर २०१९, सोमवार. बेलारूसविरुद्ध मैत्रीपूर्ण सामना होता. मुलगी तेव्हा आठ वर्षांची, आणि स्टेडियममध्ये बसून सामना बघायची तिची ती पहिलीच वेळ. तीनच दिवस आधी, शुक्रवारी, याच मैदानावर अझरबैजानविरुद्ध युरोच्या पात्रता फेरीचा सामना झाला होता आणि त्याला अठ्ठावीस हजार माणूस लोटलं होतं. सोमवारी आठ हजारसुद्धा भरले नाहीत. स्टेडियम तेहतीस हजारांचं. गर्दीच्या दिवशी इथल्या निळ्या खुर्च्या दिसतच नाहीत, लाल शर्टांखाली झाकून जातात. त्या रात्री नुसत्या खुर्च्याच दिसत होत्या, ओळीच्या ओळी. गोलरक्षक बचावपटूंना हाका मारत होता त्या आम्हाला स्पष्ट ऐकू येत होत्या. बूट चेंडूवर बसला की त्याचा आवाज छतापर्यंत जाऊन परत यायचा. सतराव्या मिनिटाला डॅनियल जेम्सनं गोल केला. मुलगी उडी मारून उभी राहिली, दोन्ही हात वर करून ओरडली, आणि मग आजूबाजूला बघून हळूच खाली बसली. आपण एकटेच ओरडतोय की काय, असं तिला वाटलं असावं. थोड्या वेळानं म्हणाली, "बाबा, आमच्या शाळेतलं कुणीच कसं आलं नाही?"

मी म्हणालो, उद्या शाळा आहे ना. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरेसंही नव्हतं. तो प्रश्न तेव्हापासून माझ्या डोक्यात आहे, आणि आज तोच तुमच्यापुढे ठेवतो आहे.

तुमच्या संघाचा गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा इतिहास काढून बघा. ज्यांच्या नावानं आज पोरं लाल शर्ट मागतात त्यांनी पहिलं पाऊल कुठे टाकलं? गॅरी स्पीड, १९९० साली, निनियन पार्कवर, कोस्टा रिकाविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात. तुमचे प्रशिक्षक क्रेग बेलामी याच शहरात जन्मले. त्यांचा पहिला सामना मार्च १९९८ मध्ये, जमैकाविरुद्ध, तोही मैत्रीपूर्ण, तोही निनियन पार्कवर. वय अठरा. म्हणजे आपल्याच गावात, आपल्याच माणसांसमोर त्या पोरानं सुरुवात केली. ते जुनं मैदान आजच्या स्टेडियमच्या समोरच होतं, आता तिथे घरं झाली आहेत.

गॅरेथ बेलच्या वाट्याला हे आलं नाही. २७ मे २००६ रोजी त्रिनिदाद आणि टोबॅगोविरुद्ध तो पहिल्यांदा उतरला तेव्हा सोळा वर्षांचा होता. वेल्सकडून खेळणारा तोवरचा सर्वांत लहान खेळाडू. सामना ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये होता. पुढे १११ सामने आणि ४१ गोल करणारा, या देशाचा सर्वांत मोठा खेळाडू, आणि त्याचं पदार्पण त्याच्या देशातल्या माणसांनी फार तर टीव्हीवर पाहिलं. ॲरन रॅमझी कर्फिलीचा, कार्डिफपासून हाकेच्या अंतरावरचा. त्याचा पहिला सामना डेन्मार्कमध्ये, २००८ साली, वय सतरा. ईथन अँपाडू २०१७ मध्ये पॅरिसला फ्रान्सविरुद्ध, वय सतरा. हे सगळे मैत्रीपूर्ण सामने होते.

आणि एक सामना घरचा होता, तो मला सगळ्यात जास्त बोचतो. २९ मे २००९, लानेल्लीचं पार्क अ स्कार्लेट्स, समोर एस्टोनिया. मैदान रग्बीचं, नवंकोरं, पंधरा हजारांच्या आसपास माणूस मावेल एवढं. आले चार हजारांच्या जरा वर. उत्तरार्धात जो ॲलन नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा बदली खेळाडू म्हणून आत आला. तो पश्चिमेकडच्या नार्बर्थचा. त्याचं गाव तिथून तासाभराच्या अंतरावर. सात वर्षांनी, २०१६ च्या युरोत वेल्स उपांत्य फेरीत पोचलं तेव्हा स्पर्धेच्या सर्वोत्तम संघात वेल्सचे दोघं निवडले गेले, एक रॅमझी आणि दुसरा हा ॲलन. त्या संध्याकाळी लानेल्लीत जे चार हजार होते त्यांनी आपल्या नातवंडांना सांगण्यासारखं काहीतरी पाहिलं. बाकीच्या अकरा हजार खुर्च्यांवर नार्बर्थची, कार्माथनची, पेंब्रोकशायरची शाळकरी पोरं बसली असती तर? ती आज पंचविशीत असती, आणि सामन्याला स्वतःच्या पैशानं येत असती.

मला सांगायचं आहे ते एवढंच. या देशात मैत्रीपूर्ण सामना म्हणजे पोरांचा पहिला दिवस. तुम्ही तो सराव म्हणून भरवता, म्हणून लोक तो सराव समजून घरी बसतात.

'वेल्श माणूस रग्बीचा, त्याला फुटबॉलचं प्रेम नाही' असं आता कुणी म्हणत नाही. पण 'मैत्रीपूर्ण सामन्याला लोक येतच नाहीत, त्याला कोण काय करणार' असं मात्र मी इथे पुष्कळदा ऐकलं आहे. ते मला पटत नाही. आकडे तसं सांगत नाहीत.

१० ऑगस्ट २०११ ला ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या सामन्याला कार्डिफ सिटी स्टेडियमवर साडेसहा हजार माणसंही नव्हती. त्याच महिन्यात वेल्स जागतिक क्रमवारीत ११७ व्या स्थानावर होतं. त्याच्या आधी मे महिन्यात डब्लिनला नेशन्स कपमध्ये वेल्स आणि उत्तर आयर्लंड खेळले तेव्हा प्रेक्षकांची अधिकृत संख्या होती ५२९. पाचशे एकोणतीस! आमच्याकडे एखाद्या लग्नाच्या पंगतीला याहून जास्त पानं उठतात. त्या सामन्यात पहिला गोल कुणी केला? वीस वर्षांच्या रॅमझीनं. स्पीड तेव्हा प्रशिक्षक होते आणि त्यांनी नुकतंच त्याला कर्णधार केलं होतं. स्पीड यांनी या पोरांवर भरवसा टाकला, आणि संघ उभा राहायला लागला. १२ नोव्हेंबरला नॉर्वेला ४-१ असं हरवलं, तेव्हा बारा-साडेबारा हजार लोक आले होते. पंधराच दिवसांनी स्पीड गेले. सगळा देश सुन्न झाला.

मग २९ फेब्रुवारी २०१२ ला त्यांच्या स्मरणार्थ सामना झाला. समोर कोस्टा रिका, ज्यांच्याविरुद्ध स्पीड पहिल्यांदा खेळले होते तोच संघ. बुधवारची रात्र, थंडी, सामना मैत्रीपूर्णच, गुणांचा काहीही संबंध नाही. तेवीस हजारांवर लोक आले. सहा महिन्यांपूर्वी ज्या खुर्च्या रिकाम्या होत्या त्याच खुर्च्या. वेल्स तो सामना ०-१ असा हरलं, पण कुणी उठून गेलं नाही. लोकांना तिथे यायला कारण होतं. प्रेमाचं कारण होतं.

कारण नेहमी इतकं दुःखाचं असावं लागत नाही. मार्च २००० मध्ये नव्या मिलेनियम स्टेडियमवरचा पहिला फुटबॉल सामना फिनलंडविरुद्ध झाला, मैत्रीपूर्णच, आणि साठ हजारांहून जास्त लोक गेले. रायन गिग्जनं वेल्सकडून खेळलेला तो पहिला मैत्रीपूर्ण सामना. १९९१ मध्ये पदार्पण केलेल्या माणसाला पहिल्या मैत्रीपूर्ण सामन्यापर्यंत यायला आठ वर्षांहून जास्त काळ लागला. मोठ्या क्लबांनी आणि मोठ्या खेळाडूंनी या सामन्यांना किती किंमत दिली ते त्यावरून कळतं, आणि लोकांनीही मग तीच किंमत दिली तर त्यांना दोष कसा द्यायचा? २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये स्पेन आलं तेव्हा पन्नास हजार जमले. तेही ठीक. मोठा संघ आला की गर्दी होतेच, ती स्पेनची गर्दी होती. मला रस आहे तो दुसऱ्या एका सामन्यात.

२० मार्च २०१९. समोर त्रिनिदाद आणि टोबॅगो. नाव ऐकून कुणी धावत सुटेल असा संघ नव्हे. वेल्सचे मोठे खेळाडू बाहेर, पोरांना संधी. पण सामना कार्डिफला न ठेवता तुम्ही रेक्समला नेलात, रेसकोर्स ग्राउंडवर. जिथे १८७७ पासून आंतरराष्ट्रीय सामने होत आले त्या, जगातल्या सर्वांत जुन्या आंतरराष्ट्रीय मैदानावर. पुरुषांचा संघ तिथे अकरा वर्षांनी खेळत होता. दहा हजारांवर लोक आले, मैदान गच्च भरलं. बेन वुडबर्न, वय एकोणीस, भरपाईच्या वेळेत गोल करून गेला, आणि ते छोटं जुनं मैदान असं दणाणलं की टीव्हीवर बघतानासुद्धा अंगावर काटा आला. सहाच महिन्यांनी आमची ती बेलारूसची रात्र झाली. संघ तोच, साल तेच, गोलही एकच, आणि समोर स्टेडियमचा तीन चतुर्थांश भाग रिकामा.

म्हणजे रेक्समला तुम्ही जे केलंत ते तुम्हाला येतं. ते तुम्ही एकदा-दोनदा न करता नेहमी करावं, हे माझं मागणं आहे.

उत्तरेकडच्या लोकांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण दक्षिणेत राहणाऱ्यांना याचा विसर पडतो, मलाही पडायचा. या देशाची लोकसंख्या एकतीस लाख. २०११ च्या जनगणनेत एकट्या पुणे महापालिकेची होती जवळपास तेवढीच. पण पुण्याच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणं आणि लँडुडनोहून कार्डिफला येणं यात फरक आहे. ए-४७० हा रस्ता डोंगरातून वळणं घेत घेत येतो, गाडीनं चार तास सहज. रेल्वेनं यायचं तर गाडी इंग्लंडमधल्या श्रूझबरीवरून फिरून येते. आपल्याच राजधानीत यायला परक्या मुलखातून वाट. रात्री साडेनऊला सामना संपल्यावर उत्तरेकडे परत जाणं शाळकरी पोराला घेऊन कुणालाही जमणार नाही. बँगर, अँगलसी, रिल इथल्या मुलांना राष्ट्रीय संघ डोळ्यांनी बघायचा तर रेक्समच हवं. तिथे आता कॉप स्टँड नव्यानं उभा राहतो आहे, क्लबला जगभर नाव मिळालं आहे. स्वॉन्सी आहे, लानेल्ली आहे, न्यूपोर्ट आहे. सात-आठ हजारांचं भरलेलं मैदान हे तेहतीस हजारांच्या पोकळ स्टेडियमपेक्षा शंभर पटींनी बरं, हे मी तुम्हाला सांगायला नको. ज्याला पोटात गोळा घेऊन बोगद्यातून बाहेर यायचं आहे त्या सतरा वर्षांच्या पोराला विचारा.

त्या पोराचं मन हा इथे मुख्य मुद्दा आहे. यात नुसती भावना नाही, नियमही आहे. जागतिक संघटनेच्या नियमाप्रमाणे केवळ मैत्रीपूर्ण सामने खेळलेला खेळाडू त्या देशाशी बांधला जात नाही. डेक्लन राइस २०१८ मध्ये आयर्लंडकडून तीन मैत्रीपूर्ण सामने खेळला आणि पुढच्याच वर्षी इंग्लंडचा झाला. त्याला मी नावं ठेवत नाही, ज्याचा त्याचा निर्णय. पण वेल्सच्या संघात इंग्लंडमध्ये जन्मलेली, दोन्हीकडून खेळू शकणारी पोरं किती आहेत ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अँपाडू एक्सेटरला जन्मला, ब्रेनन जॉन्सन नॉटिंगहॅमला. दोघंही इंग्लंडच्या शालेय वयोगटाच्या संघांतून खेळले आणि मग त्यांनी वेल्स निवडलं. अशा पोराला पहिल्या रात्री काय दिसतं, काय ऐकू येतं, याला मोल आहे. जॉन्सनचा पहिला सामना अमेरिकेविरुद्ध, नोव्हेंबर २०२० मध्ये, स्वॉन्सीला. करोनाचे दिवस, एकही प्रेक्षक नाही. क्रिस गुंटरचा पहिला सामना २००७ साली रेक्समला झाला होता, न्यूझीलंडविरुद्ध, मैत्रीपूर्ण, तेव्हा तो सतरा वर्षांचा. चौदा वर्षांनी वेल्सकडून शंभर सामने खेळणारा पहिला पुरुष खेळाडू म्हणून तो मेक्सिकोविरुद्ध कर्णधार होऊन उतरला तेव्हाही समोर कुणीच नव्हतं. तेव्हा कुणाचाच इलाज नव्हता. म्हणूनच, आता इलाज असताना पदार्पणाच्या दिवशी खुर्च्या रिकाम्या राहाव्यात हे मला सहन होत नाही.

माझं लहानपण कोल्हापुरात गेलं, आणि कोल्हापूर हे तालमींचं गाव. पाटाकडील, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, अशा तालमी आणि मंडळांचे फुटबॉल संघ. शाहू स्टेडियमवर त्यांचे सामने होतात. बाहेरगावच्या माणसाला वाटेल, पेठेपेठेतले सामने, त्यात काय एवढं? पण पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नसते. मी काकांबरोबर जायचो. एखाद्या सामन्यात तालमीनं नवीन पोरगा उतरवला की आमच्या पायरीवर आधी कुजबुज व्हायची. हा अमक्याचा धाकटा. परवापर्यंत गल्लीत अनवाणी खेळायचा. याचा बाप हाफला खेळायचा. पोरगा चेंडूला शिवायच्या आधी आम्हाला त्याची अख्खी कुंडली माहीत असायची, आणि त्यानं पहिला पास नीट दिला की जो कल्ला व्हायचा तो गोलालाही होत नसे. त्याची आई घरात, पण गल्ली सगळी मैदानात. चुकला तर शिव्याही गल्लीच घालणार, आणि संध्याकाळी कट्ट्यावर खांद्यावर हातही तीच ठेवणार.

ती गर्दी जाहिरातीनं येत नव्हती. पोरगा आपला आहे हे ठाऊक असायचं, म्हणून यायची. वेल्स हा तेवढाच छोटा, गाव-गल्लीत एकमेकांना ओळखणारा देश आहे. इथे दोन अनोळखी माणसं भेटली की पाच मिनिटांत कुणीतरी ओळखीचं निघतंच. मग एखाद्या खोऱ्यातला, एखाद्या समुद्रकाठच्या खेड्यातला मुलगा पहिल्यांदा देशाकडून खेळणार, हे त्याच्या गावाला वेळेवर का कळू नये? संघ निवडीचं पत्रक येतं, त्यात पंचवीस नावं असतात, नावापुढे क्लब. तो मुलगा कुठल्या शाळेत शिकला, पहिल्यांदा कुठल्या गावच्या संघात खेळला, त्याला बूट बांधायला कुणी शिकवलं, हे सगळं तुमच्याकडे नोंदवलेलं असणार. ते लोकांना सांगा. त्याच्या शाळेला पत्र पाठवा, त्याच्या पहिल्या क्लबच्या पोरांना बसमध्ये घालून आणा, पहिल्या ओळीत बसवा. त्याच्या पहिल्या प्रशिक्षकाला, जो बहुधा अजूनही रविवारी सकाळी चिखलात जाळी बांधत असेल, मानानं बोलवा. तिकिटाचा भाव पात्रता फेरीच्या सामन्यासारखा ठेवू नका. मुलांना तर फुकट सोडा, आणि मुलाबरोबर येणाऱ्या मोठ्यालाही परवडेल असं करा. चार माणसांच्या घराला सामना म्हणजे तिकिटं, प्रवास, खाणं. महिन्याच्या खर्चात तो आकडा दिसतो.

वेळेचं मी समजू शकतो. टीव्हीचे करार असतात, आंतरराष्ट्रीय सामन्यांसाठी ठरवून दिलेले दिवस असतात, तुमच्या हातात सगळंच नाही. २०१८ पासून नेशन्स लीग आली आणि मैत्रीपूर्ण सामने मुळात कमी झाले. क्लबवाले आपले खेळाडू सोडायला खळखळ करतात. पण जे थोडे सामने उरले त्यांची किंमत त्यामुळेच वाढायला हवी होती. जिथे शक्य असेल तिथे शनिवारी किंवा रविवारी दुपारी ठेवा. ते नाहीच जमलं तर निदान मैदान, तिकीट आणि आमंत्रण या तीन गोष्टी तरी तुमच्याच हातातल्या आहेत.

पैशाचंही बोलतो, कारण तुम्हाला हिशोब द्यावा लागतो. फुकट तिकिटांनी त्या रात्रीची गल्ल्यातली रक्कम घटेल, हे खरं. पण रिकाम्या खुर्चीचेही पैसे येत नाहीतच. आणि आठ वर्षांच्या मुलाला ज्या दिवशी हे वेड लागतं तो दिवस पुढची साठ वर्षं पुरतो. तुमच्या महिला संघाकडे बघा. काही वर्षांपूर्वी त्यांच्या सामन्यांना मूठभर माणसं असायची. तुम्ही त्यांच्यासाठी मेहनत घेतलीत, त्यांना मोठ्या मैदानावर आणलंत, शाळांतल्या मुलींपर्यंत गेलात. नोव्हेंबर २०२४ मध्ये आयर्लंडविरुद्धच्या लढतीला कार्डिफमध्ये १६,८४५ प्रेक्षक होते, आणि पुढच्या वर्षी त्या पहिल्यांदाच युरोत खेळल्या. माझी मुलगी आता स्वतः खेळते, मधल्या फळीत. तिला तो सामना मिनिटामिनिटासकट पाठ आहे.

माणसं बोलावल्यावर येतात, याचा एक दाखला माझ्या देशातला. जून २०१८, मुंबई, अंधेरीचं मैदान. भारतानं चायनीज तैपेईला ५-० हरवलं, कर्णधार सुनील छेत्रीनं तीन गोल केले, आणि बघायला होते अडीच हजारांच्या जरा वर. दोन कोटींच्या शहरात. छेत्रीनं दुसऱ्या दिवशी एक साधी ध्वनिचित्रफीत टाकली. हात जोडून म्हणाला की ज्यांना आम्ही आवडतो त्यांनी या, ज्यांना आवडत नाही त्यांनीही या, टीका करा, पण स्टेडियममध्ये येऊन करा. दोन दिवसांनी केनियाविरुद्धच्या सामन्याची सगळी तिकिटं संपली. भर पावसात मैदान भरलं होतं, आणि तो छेत्रीचा शंभरावा सामना होता. संघ तोच, मैदान तेच, शहर तेच. फरक पडला तो बोलावण्यानं. माझा जीव त्या दिवशी आनंदला आणि थोडा खजीलही झाला, कारण शंभर सामने खेळणाऱ्या माणसाला हात जोडावे लागले. तुमच्या पोरांवर ती वेळ येऊ देऊ नका. हात जोडायचं काम संघटनेचं आहे.

क्रेग बेलामी यांनाही, तुमच्यामार्फत, एक विनंती. नवीन मुलांना पहिली संधी होईल तितकी घरच्या मैदानावर द्या, आणि शेवटची पाच मिनिटं न देता सुरुवातीपासून द्या. लोक राष्ट्रगीत गात असताना त्या मुलाला मैदानावर उभं राहू द्या. तुम्ही अठराव्या वर्षी निनियन पार्कवर ते अनुभवलं आहे. ग्राझमधल्या सोळा वर्षांच्या बेलला ते मिळालं नव्हतं.

२०२८ ची युरो इथे येते आहे. सलामीचा सामना कार्डिफमध्ये, चौऱ्याहत्तर हजारांच्या स्टेडियमवर. त्या दिवशी जे अकरा जण लाल शर्टात उतरावेत असं आपल्या सगळ्यांना वाटतं, त्यातले काही जण आज सतरा-अठरा वर्षांचे आहेत, आणि अजून त्यांची नावं आपल्याला ठाऊक नाहीत. त्यांचे पहिले सामने याच दोन-तीन वर्षांत होणार.

तेव्हा पुढच्या मैत्रीपूर्ण सामन्याची तारीख ठरली की आधी त्या मुलांची नावं आम्हाला कळवा, मग तिकीट विकायला काढा. रेक्समला ठेवा, लानेल्लीला ठेवा, कुठेही ठेवा. आम्ही दोघं येऊ, आणि या वेळी मुलीच्या संघातल्या पोरींनाही घेऊन येऊ. पंधरा तिकिटं लागतील.

कळावे, लोभ असावा.

आपला,
कँटनमधला एक कोल्हापूरकर